गटारीचं बी बघ

जुन्या पेटंटांचा शोध मी अर्धवट घेतला, ही माझी पहिली चूक. ती कुठं झाली हे कळल्यावरही मी गप्प बसलो आणि माझ्या मित्राला माझ्यासमोर चोर ठरवू दिलं, ही दुसरी. पहिली चूक सांगायला मला कधी जड गेलं नाही. उलट ती मी लोकांना शिकवताना वापरली, त्यांना हसवलंही. दुसरी मात्र मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

मी लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवतो. कॉलेजात पेटंट कक्ष काढायचा ठरला तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं. मी म्हणालो, "सर, मला यंत्रातलं काही कळत नाही." ते म्हणाले, "यंत्र नका बघू, संच बघा. हे आणि ते, हे किंवा ते, ते सोडून हे. तुमचाच धडा आहे की."

त्यांचं खरं होतं. कुणी काही नवं बनवलं की ते आधी जगात कुणी केलंय का, हे बघावं लागतं. त्यासाठी इंटरनेटवर देशोदेशींच्या पेटंटांचे प्रचंड संग्रह खुले असतात. एकेक वाचायला जन्म पुरणार नाही. म्हणून शब्द द्यायचे. 'गाळणी' असलेल्या पेटंटांचा एक संच, 'आंघोळ' असलेल्यांचा दुसरा. 'अँड' लावलं की दोन्ही शब्द असलेली तेवढीच उरतात, म्हणजे आपला छेद संच. 'ऑर' लावलं की दोन्हीकडची सगळी येतात. आणि 'नॉट' लावलं की तो शब्द असलेलं प्रत्येक पेटंट बाहेर जातं. पहिलीच्या पोरांना कळेल असं आहे. मी तर वीस वर्षं फळ्यावर तीच वर्तुळं काढत होतो.

माझा मित्र त्याच कॉलेजात सिव्हिलला होता. आम्ही दोघं नांदेडला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत राहिलो होतो. मी पुढं गणिताकडं वळलो, तो इंजिनिअरच राहिला. तो मुखेडकडचा, बौद्ध घरातला. वडील एसटीत मेकॅनिक. मी निलंग्याजवळच्या खेड्यातला, घरची शेती, वाडीवस्तीवर वडिलांचा शब्द चालायचा. म्हणून तो मला पाटील म्हणायचा. वसतिगृहातला कुठलाही बिघडलेला हीटर तो दुरुस्त करायचा, म्हणून त्याला सगळे सायंटिस्ट म्हणायचे. एका ताटात जेवलो आम्ही. त्याच्या घरी मुखेडला मी कितीदा राहिलो याला मोजमाप नाही. माझ्या गावी मात्र मी त्याला एकदाही नेलं नाही. घर लहान आहे, वडिलांची तब्येत बरी नाही, बस वेळेवर नसते, असं काहीतरी दर सुट्टीला सांगायचो. तोही "बरं" म्हणायचा. हे इथं का लिहितोय ते पुढं येईल.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. आमच्या मुलींच्या वसतिगृहाला टँकर यायचा तो प्यायला आणि आंघोळीलाच पुरेना. संडासात टाकायला पाणी नाही आणि आंघोळीचं पाणी नालीतून वाहून जातंय, असा प्रकार. मित्राकडं कॉलेजच्या गच्चीवरचं हवामानाचं सामान होतं. त्यात एक पर्जन्यमापक होता. त्याच्या आत तराजूसारखी दोन वाट्यांची ढेकळी असते; एक वाटी पावसानं भरली की कलंडते आणि दुसरी वर येते. पाऊसच नव्हता, त्यामुळं ती महिनोन् महिने कोरडी पडून होती. मी एकदा गच्चीवर गेलो तर हा उन्हात बसून ती ढेकळी बोटानं इकडून तिकडं हलवत होता.

"काय करून राहिला रे?"

"हिला काम न्हाई, पाटील. बसून पगार खाऊन राहिली. कामाला लावतो हिला."

आणि लावलं. त्यानं ढेकळीच्या दोन टोकांना दोन पसरट गाळण्या बसवल्या, आत वाळू आणि नारळाचा काथ्या. आंघोळीचं पाणी एका गाळणीतून खाली टाकीत जायचं. साबणाचा फेस आणि केस अडकून गाळणी चोंदली की पाणी वर साचायचं, त्या वजनानं ती कलंडायची, घाण बाजूच्या नालीत ओतून टाकायची आणि दुसरी गाळणी धारेखाली यायची. दुसरी काम करत असताना पहिली थोड्याशा पाण्यानं धुऊन निघायची. वीज नको, माणूस नको. वसतिगृहात बसवलेल्या त्या यंत्राला पोरी 'सी-सॉ' म्हणायच्या.

पेटंटसाठी अर्ज करायचा ठरलं. शोध माझ्याकडं. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी चर्चा पुन्हा उठली होती आणि स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी नकाशा काढायचं. मी त्याच कागदावर मित्राला समजावलं. लातूर जिल्ह्यातले तालुके हे एक वर्तुळ, नांदेडचे दुसरं. नव्या जिल्ह्यात इकडचे काही 'ऑर' तिकडचे काही. आणि नांदेडला उरतं काय, तर जुनं नांदेड 'नॉट' हे गेलेले.

तो नकाशाकडं बघून म्हणाला, "म्हंजी माझं मुखेड नॉटमधी."

"गेलं तर गेलं. उदगीर जवळ पडंल तुला."

"जवळचं सांगू नको. मुखेडला कुणी इचारलं का?"

स्टाफरूम हसली. मग त्यानं मला शोधासाठी शब्द दिले: गाळणी, चाळणी, जाळी, कलंडणं, झुकणं, फिरणं, आंघोळ, धुणं, कपडे. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "पाटील, गटारीचं बी बघ बरं का. असली कामं गटारीवाल्यांनी आधी केलेली असतेत. त्यांच्याकडंच सगळं चोंदतं."

"बघतो की."

दुपारची वेळ होती. मी शब्द इंग्रजीत करून दिले, गट जोडले, आणि यादी आली ती वाचण्यापलीकडची. अँड लावून लावून कमी केली तरी ढीगच. वर वर जे दिसत होतं त्यात बहुतेक मैल्याची यंत्रं. संडासाच्या पाइपांची चित्रं, कत्तलखान्याच्या नाल्या, विष्ठा वेगळी करायच्या जाळ्या. बाजूला माझा डबा उघडा होता. दोन-तीन पेटंटं वाचली आणि घास घशाखाली जाईना. मग मी शेवटी 'नॉट' लिहिलं आणि कंसात मैला, संडास, विष्ठा, कत्तलखाना हे सगळे शब्द टाकले.

यादी एकदम आटोपशीर झाली. मला फार बरं वाटलं. उरलेली पेटंटं मी खरोखर मन लावून वाचली, दोन दिवस वाचली. त्यात मित्राच्या गाळणीसारखं काही नव्हतं.

नॉटचा धोका मला माहीत नव्हता असं नाही. एखाद्या पेटंटात तो शब्द एकदाच आला असेल, 'हे मैल्यासाठी नाही' असं जरी लिहिलं असेल, तरी ते पेटंट जातं. संगणक कारण बघत नाही. हे मीच पोरांना शिकवायचो.

मी त्याला म्हणालो, "नवीन आहे. सगळीकडं बघितलं."

"गटारीचं बी?"

"बघितलं रे बाबा."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. अर्ज गेला. स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला, सी-सॉच्या शेजारी उभा, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्याच्या आईनं ते कात्रण मुखेडच्या घरात भिंतीवर लावलं होतं, ते मी नंतर पाहिलं.

पेटंट कार्यालयाचं उत्तर यायला काही वर्षं जातात. तोवर पाऊस बरा झाला, पाण्याचं कुणी बोलेना. मग एक दिवस परीक्षकाचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की कलंडणारी गाळणी आधीच अस्तित्वात आहे, आणि सोबत एका परदेशी पेटंटाचा क्रमांक दिला होता. कॉलेजला ठरावीक मुदतीत उत्तर द्यायचं होतं.

अहवाल आधी माझ्या हातात आला. मी ते पेटंट उघडलं. कुणा परदेशी शेतकऱ्यानं गोठा धुतलेल्या पाण्यासाठी बनवलेली गाळणी होती. चोंदली की झुकणारी. त्यात 'गाळणी' होतं, 'झुकणं' होतं, 'धुणं' होतं. माझ्या सगळ्या वर्तुळांत ते बसत होतं. आणि अगदी शेवटी एक वाक्य होतं की हे साधन मैल्याच्या नालीलाही जोडता येईल. तेवढ्या एका शब्दासाठी मी ते बाहेर टाकलं होतं. मी जुनाच शोध 'नॉट' काढून पुन्हा चालवला. ते पहिल्याच पानावर आलं.

मित्राची गाळणी त्याहून वेगळी होती. त्या शेतकऱ्याच्यात एकच गाळणी. ती कलंडली की काम थांबतं. ह्याच्यात दोन, एक धुतली जाते तोवर दुसरी चालू. हे मला आधी सापडलं असतं तर आम्ही अर्ज त्या दोन गाळण्यांवरच लिहिला असता. आणि अजूनही तसं उत्तर देता आलं असतं. मी अहवाल बंद केला आणि तासाला गेलो.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. प्राचार्य, सिव्हिलचे विभागप्रमुख, मित्र आणि मी. विभागप्रमुखांना पेपरातला तो फोटो आधीपासून सलत होता.

"नेटवरनं चित्र उचललं," ते म्हणाले, "अन् वरून पर्जन्यमापकाची गोष्ट चिकटवली. सायंटिस्ट लई हुशार आहेत आपले."

मित्र म्हणाला, "सर, मी हे आज पहिल्यांदा बघून राहिलो. त्यात एकच गाळणी हाय, माझ्यात दोन हायत. उत्तर देता येतं."

प्राचार्य माझ्याकडं वळले. "सर, तुम्ही शोध घेतला होता ना? मग हे कसं नाही दिसलं?"

मी म्हणालो, "ह्या सरांनी जे शब्द दिले होते, त्यांवरून मी शोधलं होतं, सर."

वाक्यात खोटं काही नव्हतं. विभागप्रमुख टेबलावर हात आपटून हसले. "झालं की मग! ज्यानं उचललं त्यालाच विचारून शोधलं. तो बरा सांगंल कुठं ठेवलंय ते!"

मित्र माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून तो थांबला होता. मी चहाचा कप उचलला. त्या महिन्यात माझ्या बढतीची फाइल प्राचार्यांच्या सहीसाठी होती, हे एक कारण. दुसरं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं, किंवा मी कळून घेतलं नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, "उत्तरबित्तर नको. कॉलेजची इज्जत जाईल आणखी." मुदत तशीच जाऊ दिली आणि अर्ज बाद झाला. स्टाफरूममध्ये कुणी काही नवं बोललं की "कुठून उचललं?" असं विचारायची पद्धत पडली. मित्र डबा वर्गात खायला लागला. वसतिगृहातलं सी-सॉ काढून वर्कशॉपच्या मागं टाकलं. पुढच्या वर्षी संस्थेच्या नांदेडच्या कॉलेजात त्याची बदली झाली. त्यानं मागितली होती. मला बढती मिळाली.

त्यानंतर पेटंट शोधावर मी चार लोकांत बोलू लागलो. कार्यशाळा घ्यायचो, लोहा, मुखेड, देगलूर, कुठकुठले शिक्षक यायचे. 'नॉट' जपून वापरा हे सांगताना मी एक गोष्ट सांगायचो. एक शोधक होता, त्याला जेवताना घाण वाटली, त्यानं मैला वगळला आणि त्यातच हवं ते पेटंट होतं. लोक पोट धरून हसायचे. मला त्या हसण्यानं हलकं वाटायचं, हेही लिहिलं पाहिजे. जणू सांगून झालं.

नांदेडच्या एका कार्यशाळेत ती गोष्ट सांगून झाली, खोलीतले दिवे लागले आणि मागच्या बाकावर तो दिसला. केस बरेच पिकलेले. तो हसत नव्हता.

मी सामान आवरायला उगाच वेळ लावला. तो बाहेर चहाच्या गाड्यापाशी उभा होता. दोन कप त्यानंच सांगितले.

"काय पाटील."

"कसा आहेस?"

"तो शोधक कोण रे? लई येडा दिसतो."

मी कप उचलला.

"मी इतकी वर्षं काय धरून चाललो माहिताय? तुला सापडलं नसंल. माणूस हाय, नजरेतून सुटतं. बायको म्हणायची, तुमच्या मित्रानं तोंड का उघडलं न्हाई? मी म्हणायचो, त्याला काय ठावं, तो गणिताचा माणूस." तो थांबला. "त्या मीटिंगला तुला ठावं होतं?"

"होतं."

"हाव." त्यानं कप गाड्यावर ठेवला. "गावोगाव सांगून राहिलास. लोकांला हसवून राहिलास. मला तेवढं सांगायचं राह्यलं."

चहावाल्यानं आमच्याकडं बघून नजर वळवली.

"का वगळलंस? खरं सांग."

"घाण वाटली. वाचवेना."

"कागदाची?" तो आता हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. "माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली, पाटील. त्याला कुणी इचारलं न्हाई, घाण वाटते का. मी तुला सांगून गेलो होतो, गटारीचं बी बघ. मी सांगितलं म्हणूनच बघितलं न्हाईस का? की हे ह्यालाच सुचणार, असं वाटलं?"

मी नाही म्हणणार होतो. पण तेव्हा मला कळलं की मला खात्री नाही. त्या दुपारी तो दारातून गेल्यावर माझ्या मनात नेमकं काय आलं होतं, ते मला आठवलं. "ह्याला बरं माहीत," असं आलं होतं. एवढंच. मी ते त्याला सांगितलं. चांगलं वाटावं म्हणून नव्हे. तो विचारत होता म्हणून.

तो रस्त्याकडं वळला. मग म्हणाला, "चार वर्षं तू मला गावाला नेलं न्हाईस. ते मी कधी धरलं न्हाई. तुझ्या बापाचं घर हाय. पण हे माझं होतं रे. ते ढेकळीचं माझं होतं. माय मरेपर्यंत तिला वाटत राह्यलं, पोरानं कायतरी उचललं. तिनं ते कात्रण भिंतीवरनं काढून ठेवलं."

"मला माफ..."

"हितं नको." त्यानं हात वर केला. "हितं मला कुणी चोर म्हणलं न्हाई."

तो स्कूटरवर बसून गेला. दोन्ही चहाचे पैसे त्यानं आधीच दिले होते.

लातूरला परत आल्यावर मी किती दिवस टाळलं ते सांगायची लाज वाटते. आधी परीक्षा आहेत म्हणून, मग प्राचार्य नवे आहेत म्हणून. विभागप्रमुख निवृत्तीला आले होते. ते जाईपर्यंत थांबलो असतो तर किती सोपं झालं असतं, हाही विचार केला. तो विचार सुचला त्या दिवशीच मी मित्राला फोन केला. म्हणालो, शनिवारी स्टाफ मीटिंग आहे. तो म्हणाला, "बघतो." तसंच, जसं मी एकदा म्हणालो होतो.

तो आला. सकाळच्या एसटीनं आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसला. काहींनी ओळखलं, काही नवे होते. विभागप्रमुख पुढच्या रांगेत होते. मी पडद्यावर तो जुना शोध जसाच्या तसा लिहिला आणि चालवून दाखवला. मग शेवटचा 'नॉट' आणि त्याचा कंस खोडून पुन्हा चालवला. गोठ्याचं पेटंट पहिल्या पानावर आलं. त्याच्याखाली दोन गाळण्यांचं चित्र लावलं आणि फरक दाखवला.

विभागप्रमुख म्हणाले, "जाऊ द्या हो सर, जुनं झालं आता. कोण काढतंय ते."

"मी काढतोय, सर," मी म्हणालो. "ह्यांनी मला शब्द दिले हे मी त्या मीटिंगला सांगितलं होतं. त्याच दिवशी ह्यांनी मला गटारीचंही बघ म्हणून सांगितलं होतं, ते मी सांगितलं नाही. मी बघितलं नाही, आणि बघितलं म्हणून ह्यांना खोटं सांगितलं. अहवाल आला त्या दिवशी मला माझी चूक सापडली होती. ह्यांना चोर म्हटलं तेव्हा मी समोर बसून चहा पीत होतो. दोन गाळण्यांची कल्पना ह्यांची होती, गच्चीवर ढेकळीवरून ती सुचताना मी स्वतः बघितलं आहे. ह्यांनी काही उचललं नाही. उत्तराची मुदत माझ्यामुळं गेली."

मी दाराकडं वळलो. तिथं मला 'ह्यांनी' म्हणवेना.

"तुझ्या आईला हे सांगायला हवं होतं, ते आता होत नाही. तू सांगितलेलं मी घाण म्हणून टाकून दिलं आणि नंतर तुलाही टाकून दिलं. माझं चुकलं. मला माफ कर."